उधारीवर जेवू घालणाऱ्या बायका

गिरणी कामगाराचा पगार महिन्यातून एकदा होई, भूक दिवसातून दोनदा लागे. मधला महिना कुणीतरी पदरचं घालून निभवावा लागे. मुंबईच्या कापड धंद्यावरच्या लिखाणात कापूस, यंत्रं, मालक, मजूर, संप या सगळ्यांचा हिशेब मिळतो. या मधल्या महिन्याचा हिशेब फार थोड्या ठिकाणी मिळतो. तो निभावला लालबाग, परळ, शिवडी, वरळी, डिलाईल रोडच्या चाळींतल्या खानावळवाल्या बायकांनी. उद्योजक स्त्रियांवर लिहिताना आधी घरगुती धंदा, मग कंपनी, मग इतरांच्या धंद्यात गुंतवणूक अशी शिडी मांडली जाते आणि गुंतवणूक ही तिची शेवटची पायरी मानली जाते. गिरणगावातली बाई पहिल्या पायरीवर उभी असतानाच गुंतवणूकदार होती, असं माझं म्हणणं आहे. तिला तसं कुणी मोजलं नाही, आणि मोजलं नाही म्हणून तिच्या हाती भांडवल यायला फार उशीर झाला.

कोकणातून किंवा सातारा-कोल्हापूरकडून आलेला कामगार बहुधा एकटा येई. बायकोमुलं, म्हातारे आईबाप आणि असली तर थोडी जमीन गावी. इथे गावकीच्या खोलीत वीस-तीस जणांत एक ट्रंक आणि एक वळकटी ठेवण्यापुरती जागा. एका पाळीची माणसं कामावर गेली की दुसऱ्या पाळीची तिथेच आडवी होणार. अशा खोलीत चूल पेटत नाही. म्हणून तो चाळीतल्याच एखाद्या बाईकडे महिन्याचं जेवण लावी. तिची दहा बाय बाराची खोली हेच तिचं घर, तोच भटारखाना आणि पंगतही तिथेच. पहिल्या पाळीचा माणूस उजाडायच्या आत डबा मागे, शेवटच्या पाळीचा मध्यरात्र उलटल्यावर जेवायला येई. पाणी भरणं, दळण, निवडण-टिपण, बाजार, भाकऱ्या, कालवण, वाराला मासळी आणि पुन्हा भांडी, यात तिची झोप कुठे बसत होती हे सांगणं कठीण आहे.

या बायका कोण होत्या? काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या, काहींचे नवरे आजारी किंवा दारूच्या आहारी गेलेले. अनेकींच्या घरात गिरणीतल्या कामाची आठवण होती, कारण 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचांत एक कामगार स्त्री होती. रीळ खातं आणि वाइंडिंग ही बायकांची खाती. पुढे नवी यंत्रं आली, कामाची फेररचना झाली. स्त्रियांना रात्रपाळीची मनाई होती आणि 1929 मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. हे दोन्ही नियम बायकांच्या भल्यासाठी केलेले. मालकांनी मात्र त्यांचा खर्च टाळण्यासाठी बाईच कमी केली. सत्तरच्या दशकापर्यंत गिरण्यांत स्त्रियांचं प्रमाण शेकडा पाचाच्याही खाली आलं. गिरणीच्या दारातून बाहेर पडलेली बाई अशी चाळीतल्या चुलीपाशी आली आणि तिथून पुन्हा गिरणीलाच पोसू लागली.

तिच्या धंद्याचं गणित साधं आणि निर्दयी होतं. आधी महिनाभर जेवू घालायचं, पैसे पगाराला. तोवर वाण्याची उधारी, आणि वाणी उधारीच्या मालाला भाव चढाच लावी. वरची नड सावकार भागवी. त्याचा दर महिन्याला शेकडा दहापर्यंतही जाई. म्हणजे दीड हजाराचं कर्ज वर्षभर अंगावर राहिलं तर नुसतं व्याज अठराशे. मुद्दलापेक्षा जास्त. सकाळपासून रात्रीपर्यंत राबून बाईच्या हाती जे उरे त्यातला मोठा वाटा असा परस्पर निघून जाई. गिऱ्हाईक आजारी पडलं, गावी जाऊन परतलं नाही, नोकरीवरून कमी झालं, तर बुडीत तिचं. आज नव्या धंद्यात पैसा घालणारे लोक जोखीम या शब्दाला फार मान देतात. ही बाई महिन्यामागून महिने, वीस-पंचवीस अनोळखी माणसांवर, तारण न घेता, स्वतः कर्ज काढून जोखीम घेत होती. ज्याला जेवण लावायचं त्याची पारख ती त्याच्या गावावरून, खात्यावरून, आधीच्या खानावळीतल्या वागण्यावरून करी. ही पारख तिच्याइतकी कुठल्याही बँकेकडे नव्हती.

1974 च्या सुरुवातीला गिरण्यांचा 42 दिवसांचा संप झाला. पगार थांबले, पंगती थांबल्या नाहीत. बायकांनी अंगावरचं किडूकमिडूक गहाण टाकलं, भांडी विकली, पण संपकऱ्यांना जेवू घातलं. त्या दिवसांत प्रेमाताई पुरव गिरणगावात काम करत होत्या. किशोरवयात गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, नंतर मुंबईत येऊन कम्युनिस्ट चळवळीत आणि कामगार वस्त्यांत रमलेल्या. संप संपला, कामगारांच्या मागण्यांवर वाटाघाटी झाल्या. ज्यांच्या जिवावर संप तगला त्या बायकांच्या कर्जाचा विषय कुणाच्याच टेबलावर नव्हता. प्रेमाताईंना हे बोचलं. 1975 मध्ये त्यांनी खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्य सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळही, म्हणजे आपण ज्याला माविम म्हणतो तेही, स्थापन झालं. आंतरराष्ट्रीय महिला वर्षाचा तो काळ.

बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 मध्ये झालेलं होतं. 1972 पासून गरिबांना वर्षाला चार टक्के दराने छोटं कर्ज देण्याची योजनाही होती. योजना आणि चाळ यांच्यामध्ये मात्र बँकेचा दरवाजा होता. प्रेमाताईंचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे नेते. बँकेत काय नियम आहे आणि काय नुसती सवय आहे, याची उत्तम जाण या घरात होती, आणि माझ्या मते या कहाणीत या गोष्टीला मिळायला हवं तेवढं महत्त्व दिलं जात नाही. पहिल्या 14 बायकांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी 1,500 रुपये मिळाले. चार टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज होतं साठ रुपये. तेच दीड हजार सावकाराकडून घेतले असते तर अठराशे. या दोन आकड्यांमधल्या फरकात एका बाईचं आयुष्य बदलत होतं: वाण्याकडे रोखीने धान्य, गहाण पडलेलं मंगळसूत्र परत, मुलीची शाळा चालू.

बायकांकडे तारण काहीच नव्हतं. खोली भाड्याची, तीही बहुधा पुरुषाच्या नावावर. म्हणून त्या एकमेकींना जामीन राहिल्या. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. ही घटना माझ्या लेखी या सगळ्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे. सावकारापुढे कालपर्यंत हात पसरणारी बाई आज शेजारणीच्या कर्जाच्या कागदावर सही करते किंवा अंगठा उठवते, म्हणजे ती शेजारणीच्या धंद्यात स्वतःची पत गुंतवते. आणि एकदा पत गुंतवली की सल्ला आपोआप येतो: अमक्या वाण्याकडे नको जाऊ, तो वजनात मारतो, त्या खोलीतल्या चौघांना उधारी थांबव, पावसाळ्यात लाकूडफाटा आधी भरून ठेव. हप्ते वेळेवर गेले, बँकेचा धीर वाढला, चौदाच्या शेकडो झाल्या आणि शेकडोंच्या हजारो.

मग 18 जानेवारी 1982 आला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. हा संप 42 दिवसांत संपणारा नव्हता. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कामगार गावी परतले, आणि त्यांच्याबरोबर खानावळींची थकबाकीही गेली. नंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. अन्नपूर्णेच्या बायकांना गिऱ्हाईक नव्याने शोधावं लागलं. मंडळाने कार्यालयांचे डबे, समारंभांची जेवणं, दादरचं स्वयंपाक केंद्र असे मार्ग काढले. वाशीला नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह उभं राहिलं. बँकांवर कायम विसंबून भागत नाही हे कळल्यावर बायकांनी आपली पतसंस्था काढली, आणि जिने कर्ज घेतलं तीच भागधारक झाली. प्रेमाताईंना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची मुलगी मेधा पुरव सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून 1993 पासून पुण्याच्या वस्त्यांत हेच काम नेलं. भाजीवाल्या, घरकाम करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांना कर्ज, मुलांसाठी पाळणाघरं, आणि सभासदांनी स्वतः पैसे जमवून चालवलेले आरोग्य आणि जीवन सुरक्षेचे निधी. कर्ज बुडण्याचं सगळ्यात मोठं कारण आळस किंवा लबाडी नसून घरातलं आजारपण असतं, हे शहाणपण त्या निधींमागे आहे.

इथे लिज्जतचं नाव निघणारच. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी छगनलाल पारेख यांच्याकडून उसन्या घेतलेल्या 80 रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून तिच्यातलं एकच सांगतो. लाटणारी प्रत्येक बाई तिथे मालकीण असते आणि नफ्यातला वाटा तिला मिळतो. उसने ऐंशी रुपये ही पहिली आणि शेवटची बाहेरची मदत ठरावी, देणगी घ्यायची नाही, हा हट्ट त्यांनी सांभाळला. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या.

गिरणगावाबाहेर, माणदेशाच्या कोरड्या मातीत याच गोष्टीला वेगळं वळण मिळालं. चेतना गाला सिन्हा मुंबईच्या. जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून आल्या आणि लग्नानंतर सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला स्थायिक झाल्या. तिथे रस्त्यावर लोहारकाम करणारी कांताबाई त्यांच्याकडे आली. तिला कर्ज नको होतं. पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायची, म्हणून थोडे थोडे पैसे साठवायचे होते, आणि बँक तिचं खातं उघडायला तयार नव्हती. चेतनाताईंनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांच्या नावापुढे अंगठे होते. बायका रडत घरी बसल्या नाहीत, अक्षरं शिकल्या. पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नव्हतं, मोजता येत नाही असं कुणी सांगितलं? कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तुमची माणसं यंत्राशिवाय काढतात का तेही बघा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

बँकेने गिऱ्हाइकाच्या वेळा पाळल्या. आठवडी बाजाराला आलेली बाई दुकान सोडून शाखेत येऊ शकत नाही, तर पैसे गोळा करणारी तिच्या पाटीपाशी जाते. पुढे 2006 मध्ये धंद्याचं शिक्षण देणारी शाळा सुरू झाली, आणि ज्या गावातून बाई निघू शकत नाही त्या गावात शाळाच बसमधून गेली. 2008 मध्ये माणदेशीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. 2012-13 च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली, तिची सुरुवातही एका बाईने चाऱ्यासाठी दागिना गहाण टाकायला आणला त्या प्रसंगातून झाली. कर्ज देऊन मोकळं होणारी बँक हे काम करत नाही.

अन्नपूर्णेच्या बायकांनी वापरलेली एकमेकींना जामीन राहण्याची पद्धत बिघडते कशी, तेही आपण पाहिलं आहे. 2010 मध्ये आंध्र प्रदेशात खासगी सूक्ष्म वित्त कंपन्यांचा फुगा फुटला. सरकारला वटहुकूम काढावा लागला. त्या कंपन्यांनी गटाची सही घेतली आणि गटातली ओळख सोडून दिली. बायका एकमेकींच्या जामीन होत्या, पण एकमेकींचा धंदा त्यांना ठाऊक नव्हता. वसुलीवाला दारात उभा राहिला की शेजारीण वैरीण झाली. महाराष्ट्रातल्या गावोगावी आज साप्ताहिक हप्त्यांच्या ओझ्याखाली बायका दबल्या आहेत, एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढतात. चाळीतल्या जामिनीमागे एकाच नळावर पाणी भरण्याची ओळख होती. ती ओळख सोडून नुसती सही उचलणं म्हणजे सावकारी नव्या कपड्यांत परत आणणं, असं मला स्पष्ट वाटतं.

त्यामुळे मला जास्त आशा वाटते ती बचत गटांतून तयार झालेल्या जुन्याजाणत्या बायकांची. 1992 मध्ये नाबार्डने गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. माविमने गटांचे संघ बांधून लोकसंचालित साधन केंद्रं उभी केली, ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने गावोगाव सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती, नेमल्या. सीआरपी ताई ही गटातलीच बाई. तिने स्वतः शेळ्या, शेवया, मसाला, शिवण यांतलं काहीतरी केलेलं असतं, त्यात कधी मार खाल्लेला असतो. ती दुसऱ्या गावात जाऊन हिशेबाची वही भरायला शिकवते. तिचं मानधन तुटपुंजं, तेही अनियमित, आणि प्रवास बहुतेक वडापच्या गाडीने. धंद्याच्या मार्गदर्शकांसाठी शहरात जेवढा पैसा मोजला जातो त्याचा अंशही या बाईला मिळत नाही.

आणि या बायका जिथे अडतात ती जागा मधली आहे. दहा-वीस हजार गटातून मिळतात. पाच लाखांचं चटणी कांडप यंत्र, शेड आणि वीजजोड यांसाठी बँक तारण मागते, आणि घर-जमीन पुरुषाच्या नावावर. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हिस्सा दिला, देशाने 2005 मध्ये. कायदा असूनही हक्कसोड पत्रावर बहिणीची सही माहेरपणाच्या साडीबरोबर घेतली जाते. घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लागावं म्हणून राज्यात ‘घर दोघांचं’ ही मोहीम चालली. जिथे ग्रामसेवक आणि गटातल्या बायका दोघांनी मनावर घेतलं तिथे नावं लागली, बाकी ठिकाणी परिपत्रक फायलीत राहिलं. सीआरपींच्या कामात हा उतारा काढून देणं आज मोजलंच जात नाही. ते मोजावं, त्यासाठी तिला वेगळे पैसे द्यावेत, आणि ज्या संघाच्या गावांत नावं लागली त्या संघाच्या जामिनीवर बँकांनी पाच लाखांपर्यंतची कर्जं द्यावीत. अन्नपूर्णेच्या पहिल्या चौदा जणींना याहून कमी कागदावर कर्ज मिळालं होतं, आणि त्यांनी ते फेडलं.