‘फुले’ हे आडनाव आणि ‘गुलामगिरी’

गुलामगिरीच्या उच्चाटनाशी जी आडनावे जगात निगडित झाली, त्यांत इंग्लंडातील विल्बरफोर्स हे अग्रगण्य होय. यॉर्कशायरातील विल्बरफॉस या गावावरून ते सिद्ध झाले. हिंजवडीवरून हिंजवडीकर व्हावे, तसे ते ग्रामवाचक आहे. मराठीत त्या लढ्याचे स्मरण देणारे ‘फुले’ हे आडनाव मात्र व्यवसायवाचक असून त्या घराण्याचे मूळचे नव्हे.

जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांचे घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. चरित्रकारांच्या नोंदींप्रमाणे हे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीस व तेथून आजोबा शेटिबांच्या काळी पुण्यास आले. शेटिबांचे पुत्र राणोजी, कृष्णा व गोविंद हे पेशव्यांना फुले पुरवू लागले. त्या सेवेबद्दल जमीन इनाम मिळाली आणि लोक त्यांस ‘फुले’ म्हणू लागले. पुढे ते इनाम थोरल्या राणोजींनी एकट्याकडे घेतले. जोतीरावांचे वडील गोविंदराव यांच्या वाट्यास धंदा व आडनाव एवढेच उरले. आडनावावरून कुळाचा शोध घेणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे: गोऱ्ह्यांचे फुले होण्यास एक पिढी पुरली.

‘गुलामगिरी’ हा त्यांचा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत १८६५ मध्ये घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने दास्य रद्द झाले होते. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील जनतेस हा ग्रंथ अर्पण केला आहे. येथे शब्दार्थाचा प्रश्न उपस्थित होतो. खरेदी-विक्रीची गुलामी महाराष्ट्रास अपरिचित नव्हती. पेशवाईतील कुणबिणी व बटकी यांच्या नोंदी तिची साक्ष देतात. हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील मालकी हक्क न्यायालयांत अग्राह्य ठरविला. जोतीरावांचा रोख या दास्यावर नाही. तो शूद्रातिशूद्रांच्या जातिजन्य दास्यावर आहे, जे कोणत्याही कायद्याने रद्द झाले नव्हते. म्हणून शीर्षकातील शब्द हा केवळ अलंकार मानणे योग्य नव्हे. अमेरिकनांचा कित्ता देशबांधवांनी गिरवावा, ही अपेक्षा अर्पणपत्रिकेतच व्यक्त झाली आहे. तुलना हाच तेथे युक्तिवाद आहे.

दरबारच्या सेवेतून लाभलेले आडनाव अशा रीतीने दास्यविरोधी ग्रंथाच्या कर्त्याचे झाले. पुणे विद्यापीठास २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. त्यांचे माहेरचे आडनाव नेवसे.