फोर-इलेव्हन की फोर-फिफ्टी?

रॉयल एनफिल्डने २०२३ च्या अखेरीस जुनी हिमालयन थांबवली आणि तिच्या जागी त्याच नावाची दुसरी गाडी आणली. तेव्हापासून डांबर आणि माती दोन्हींवर चालेल अशी मोटरसायकल शोधणाऱ्यांपुढे पेच आहे. शोरूममध्ये ४५२ सीसीची नवी हिमालयन उभी आहे, आणि जुन्या बाजारात तिच्याहून बरीच स्वस्त ४११ सीसीची. त्यात सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या दुचाकींवर ४० टक्के जीएसटी लागू झाला, त्यामुळे नवी आणखी लांब गेली. उरलेल्या पैशांत जुनी सुधारून घेता येईल का, हा प्रश्न मग आपोआप येतो. गाडीवाले या दोघींना फोर-इलेव्हन आणि फोर-फिफ्टी म्हणतात. नाव एक, पुढचं चाक २१ इंची आणि मागचं १७ इंची हेही एक. पण त्यापलीकडे या दोन गाड्यांत साम्य फार थोडं.

फोर-इलेव्हन २०१६ साली आली. तोवर आपल्याकडची माणसं लडाखला जायची ती बुलेटवर, मागे बॅगा बांधून. हिमालयनचं इंजिन मात्र बुलेटचं नव्हतं, नव्याने आखलेलं होतं. चासी घडवण्यात इंग्लंडच्या हॅरिस परफॉर्मन्सचा हात होता. ही कंपनी रॉयल एनफिल्डने २०१५ मध्ये विकत घेतली होती. इंजिनाचा बोअर ७८ मिमी आणि स्ट्रोक ८६ मिमी. स्ट्रोक लांब असल्याने जोर खालच्या आरपीएमवरच हाती येतो : ३२ न्यूटन-मीटर टॉर्क चार-साडेचार हजारांच्या दरम्यान मिळतो. ताकद जेमतेम २४-२५ अश्वशक्ती. कागदावर हा आकडा केविलवाणा दिसतो. पण वरंध घाटात दरड कोसळून गेलेल्या जागी, ओल्या मुरुमावरून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लचला हात न लावता ही गाडी ज्या शांतपणे वर चढते, ते पाहिल्यावर त्या आकड्याबद्दलचं मत बदलतं. इंजिनला हवा आणि तेल थंड ठेवतं, रेडिएटर नाही. एक कॅमशाफ्ट, दोन व्हॉल्व्ह, आणि टॅपेट स्क्रूने बसवायचे. फीलर गेज आणि दोन पाने असले की गावातला जाणता मिस्त्री ते काम झाडाखाली करतो.

फोर-फिफ्टीची किंमत नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात, मोटोव्हर्स या कंपनीच्याच मेळाव्यात जाहीर झाली : २.६९ लाखांपासून पुढे. ‘शेर्पा’ नावाचं तिचं इंजिन पाण्याने थंड होतं. दोन कॅमशाफ्ट, चार व्हॉल्व्ह, सहा गिअर. बोअर ८४ आणि स्ट्रोक ८१.५ मिमी. ४० अश्वशक्ती, पण ती ८,००० आरपीएमला. टॉर्क ४० न्यूटन-मीटर, साडेपाच हजारांवर. म्हणजे जोर आहे भरपूर, फक्त तो वर राहतो. तीन हजारांच्या खाली तिला ओढायला लावलं की ती कुरकुरते, एक गिअर खाली मागते. ज्याचा हात जुन्या इंजिनावर बसलेला आहे त्याला हे पहिले काही दिवस खटकतं. पण पुणे-कोल्हापूर रस्त्यावर दोघं आणि सामान घेऊन चढावर ट्रक मागे टाकायचा असेल तेव्हा फोर-इलेव्हन धाप टाकते आणि फोर-फिफ्टी निघून जाते. गंमत म्हणजे एवढी ताकद वाढूनही वजन वाढलं नाही : बीएस-सिक्स फोर-इलेव्हन १९९ किलो, फोर-फिफ्टी १९६.

एक गोष्ट महाराष्ट्रात राहणाऱ्याने लक्षात घ्यायला हवी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई आहे. आपल्या वाट्याला येतात ते जुने महामार्ग, राज्यमार्ग आणि घाट. तिथे सत्तर-ऐंशीच्या वर सलग चालवायला मिळणं दुर्मीळ. त्या वेगात फोर-इलेव्हन तक्रार करत नाही. वाढीव पंधरा अश्वशक्तींसाठी पैसे मोजण्याआधी त्या आपण कुठल्या रस्त्यावर वापरणार, हे नकाशा समोर ठेवून ठरवावं.

माझं ठाम मत असं की जुनी-नवी निवडताना आधी त्या गोष्टी पाहाव्यात ज्या नंतर बदलता येत नाहीत. टायर बदलता येतो, स्प्रिंग बदलते, हँडल उंच होतं, दिवे वाढतात. इंजिनाचा स्वभाव, चासी, पायाला जमीन लागते की नाही आणि पडलेली गाडी उचलताना हाताला लागणारं वजन, हे कायमचं. बहुतेक लोक उलटं करतात. दिवे, स्क्रीन आणि पेट्या बघून गाडी घेतात आणि मग इंजिनाबद्दल हळहळतात.

इंजिन बदलूनच टाकणारेही आपल्याकडे झाले. हीरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली. ब्राझीलमधल्या होंडा ब्रॉसवर बेतलेली, लांब सस्पेन्शनची, देखणी गाडी. इंजिन मात्र १४९ सीसीचं, हंकमध्ये होतं तेच. चासी इतकी चांगली आणि इंजिन इतकं अशक्त, हे हौशी लोकांना सहन होईना. त्यांनी करिझ्माचं २२३ सीसीचं इंजिन त्यात बसवलं. चालायला त्या गाड्या फार सुरेख झाल्या. पण आरसी बुकावरचा इंजिन नंबर एक आणि गाडीवरचा दुसरा, अशी गाडी आरटीओच्या नोंदीशिवाय रस्त्यावर आणणं म्हणजे विम्यापासून अपघाताच्या दाव्यापर्यंत सगळं धोक्यात घालणं. अशी ‘तयार’ इम्पल्स कोणी विकायला काढली, तर आधी कागद मागावेत.

जुनी हिमालयन घ्यायची ठरली तरी कोणत्या वर्षाची, हे महत्त्वाचं. २०१६ ची गाडी कार्बोरेटरची, बीएस-थ्री. २०१७ पासून बीएस-फोर, म्हणजे फ्युएल इंजेक्शन. एबीएस २०१८ मध्ये मिळू लागलं. २०२० च्या बीएस-सिक्स गाडीत मागचं एबीएस बटणाने बंद करता येतं, आणि सैल खडीच्या उतारावर ही सोय हवीच; नाहीतर मागचं चाक धरतच नाही आणि गाडी घसरत पुढे जाते. कार्बोरेटरची गाडी उघडायला सोपी, पण खारदुंगला पासच्या साडेसतरा हजार फुटांवर हवा विरळ झाली की पेट्रोलचं प्रमाण जास्त पडतं आणि इंजिन घुसमटतं. इंजेक्शन हे आपलं आपण सांभाळून घेतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. २०१६ च्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी केलेल्या नव्हत्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी लागते. कार्बोरेटरवर जीव असणाऱ्यांना मी दोष देणार नाही, पण निवड माझ्यावर सोपवली तर मी २०२० नंतरचीच फोर-इलेव्हन शोधेन.

जुन्या यंत्राची मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचे दोष माहीत झालेले असतात. अमेरिकेत कावासाकीची केएलआर ६५० ही गाडी १९८७ पासून २०१८ पर्यंत फार थोड्या बदलांसह विकली गेली. तिच्या इंजिनात बॅलन्सर चेनचा ताण राखणारा एक छोटा लिव्हर होता, तो तुटायचा. गाडीवाल्यांनी त्याला ‘डूहिकी’ असं नाव ठेवलं, बाहेरच्या कारखानदारांनी मजबूत लिव्हर बनवला, आणि जुनी केएलआर घेताना ‘तो बदललाय का’ हे विचारणं ही रीत होऊन बसली. २०२२ च्या मॉडेलपासून ती गाडी इंजेक्शनसह परत आली, तरी जुन्या कार्बोरेटरवाल्यांनी आपल्या गाड्या सोडल्या नाहीत. फोर-इलेव्हनचं आता तसंच होत चाललंय. तिचंच इंजिन ४४३ सीसीपर्यंत वाढवून कंपनीने २०२५ च्या सुरुवातीला स्क्रॅम ४४० मध्ये घातलं, म्हणजे या घराण्याचे सुटे भाग एकाएकी बाजारातून नाहीसे होणार नाहीत.

बघायला गेल्यावर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावं. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोन सेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, गेला. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का, स्पोक एकेक बोटाने वाजवून कोणता ढिला आहे, रिम कुठे चेपली आहे, खालच्या बॅश प्लेटवर किती मार आहे, हे इंजिनाच्या आवाजाआधी पाहावं. नंबरप्लेट बदलल्याच्या खुणा दिसल्या, तर ती कधी भाड्याने फिरली होती का, हे आरसीवर तपासावं; भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

आता सुधारणा. पहिला खर्च टायरचा. बाकी काहीही न करता, निम्मे डांबराचे आणि निम्मे मातीचे असे जाड गट्ट्यांचे टायर घातले तरी गाडी वेगळी वाटते. कोकणातल्या जांभ्याच्या लाल चिखलात गुळगुळीत टायर म्हणजे पडण्याची हमी. खराब वाटेला लागताना हवा चार-पाच पीएसआय कमी करावी. त्याहून कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि पंक्चर होते.

दुसरा खर्च सस्पेन्शनचा, आणि इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. फोर-इलेव्हनला पुढे २०० मिमी आणि मागे १८० मिमी चाल आहे. ती चाल तुमच्या वजनाला नीट मिळते का, हे मोजायला एक टेप आणि दोन मित्र पुरतात. गाडी उचलून मागचं चाक अधांतरी करा, आसापासून सीटखालच्या एखाद्या बिंदूपर्यंत अंतर मोजा. मग नेहमीच्या कपड्यांत आणि सामानासह बसा, पुन्हा मोजा. एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे मागे साधारण ४५ ते ६० मिमी बसली तर बरोबर. जास्त बसत असेल तर लोक प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, आवळत सुटतात. प्रीलोडने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा ताठरपणा तेवढाच राहतो. नव्वद किलोचा माणूस आणि मागे वीस किलोच्या बॅगा असतील, तर ताठ स्प्रिंगच घ्यावी लागते. पुढे फोर्कला ताठ स्प्रिंग आणि थोडं घट्ट तेल घातलं की ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाणं कमी होतं. हे सगळं महागड्या परदेशी शॉकच्या आधी करावं. आणि मागच्या शॉकला जोडलेल्या लिंकेजमध्ये ग्रीस आहे का ते पाहावं. कोकणच्या पावसात आणि खाऱ्या हवेत तिथली बेअरिंग गंजतात. लिंकेज जाम असेल तर उत्तम शॉकसुद्धा काही करू शकत नाही, आणि सर्व्हिसिंगमध्ये ती उघडली जाईल याची खात्री धरू नये.

उभं राहून चालवणाऱ्यांसाठी रुंद फूटपेग आणि हँडल दीड-दोन इंच उंच करणारे रायझर. मात्र ते बसवल्यावर क्लचची केबल आणि ब्रेकची नळी पूर्ण वळणात ताणली जात नाही ना, हे पाहावं. फोर-इलेव्हनला पुढे १५ आणि मागे ३८ दातांचं स्प्रॉकेट येतं. मागे दोन दात वाढवले तर घाटात पहिला-दुसरा गिअर आणखी सोशिक होतो आणि महामार्गावर इंजिन थोडं जास्त ओरडतं. मातीत जास्त फिरणाऱ्याला हा सौदा परवडतो.

सायलेन्सर बदलू नये. ताकद नावापुरती वाढते, आवाज मात्र सगळ्या गावाला सोसावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असले बदल करू देत नाही. पुण्या-मुंबईच्या पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोलरही फिरवला आहे. लोखंडी पेट्यांनाही माझा विरोध आहे. स्टँड आणि पेट्या मिळून सहज पंधरा किलो होतात, तेही मागे आणि बाहेरच्या बाजूला. कापडी बॅगा हलक्या असतात आणि पडल्यावर पाय चिरडत नाहीत.

फोर-फिफ्टीला यातलं थोडंच लागतं. पुढे शोवाचा ४३ मिमीचा उलटा फोर्क, दोन्हीकडे २०० मिमी चाल, सतरा लिटरची टाकी, ८२५ किंवा ८४५ मिमी अशी बदलता येणारी सीट, गोल स्क्रीनवर नकाशा. तिला आवश्यक एकच : रेडिएटरला जाळी, कारण पुढच्या चाकाने उडवलेला एक दगड सहल तिथेच संपवू शकतो. सुरुवातीला ती ट्यूबच्या टायरवर येत होती. स्पोकची ट्यूबलेस चाकं २०२४ मध्ये मिळू लागली. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर इतर कशाआधी यासाठी द्यावेत, कारण रानात ट्यूब बदलायला चाक काढावं लागतं आणि ट्यूबलेसला दहा मिनिटांत दोरी भरून पुढे निघता येतं. तिची अडचण वेगळीच. थ्रॉटल तारेऐवजी सेन्सरवर चालतं, दोष शोधायला कंपनीचं यंत्र लागतं. जव्हारच्या पलीकडे किंवा भामरागडला ती रुसली तर तिला टेम्पोत घालून आणावं लागेल. वॉरंटीतल्या गाडीच्या वायरिंगला बाहेरच्या माणसाने हात लावू नये, हेही आलंच.

सहलीचा अर्धा वेळ महामार्गावर, मागे कुणीतरी बसलेलं, वर्षाकाठी एक लांबची वारी, अशांनी फोर-फिफ्टी घ्यावी आणि मूळ रूपात चालवावी. ज्यांना सह्याद्रीतल्या वाटा धुंडाळायच्या आहेत, स्वतः पाना हातात धरायला आवडतो आणि घाई नाही, त्यांनी बीएस-सिक्स फोर-इलेव्हन घेऊन टायर, स्प्रिंग आणि लिंकेजवर खर्च करावा. आणि जो एकटाच रानात शिरतो, दर सहलीत दोनदा-तीनदा पडतो, त्याने दोन्ही हिमालयन सोडून हीरोची एक्सपल्स २१० चालवून पाहावी : लिक्विड-कूल्ड इंजिन, सहा गिअर, साडेचोवीस अश्वशक्ती, वजन १७० किलोच्या आसपास, आणि ३५० सीसीखालची असल्याने जीएसटी १८ टक्के.