बेटावरील मुक्काम आणि गोडे पाणी

सुटीत एखाद्या लहानशा बेटावर भाड्याची झोपडी घेऊन चार दिवस राहावे, अशी इच्छा पुष्कळांस होते. तेथे पहिला प्रश्न निवाऱ्याचा नसून पाण्याचा असतो. मालवणासमोरील कुरटे बेट पाहा. शिवाजीमहाराजांनी इ. स. १६६४ साली तेथे सिंधुदुर्ग बांधावयास घेतला. सभोवती खारा समुद्र, आत मात्र दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा गोड्या विहिरी! (नावे ठेवणारा चांगलाच तहानलेला असावा.)

बेटाचे गोडे पाणी म्हणजे मुरलेला पाऊस. एक घागर गोडे पाणी १००० तोळे भरले, तर तीच घागर समुद्राच्या पाण्याने सुमारे १०२५ तोळे भरते. या थोड्याशा फरकामुळे, लक्षद्वीपासारख्या वाळूच्या बेटांत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर ते हातभर असेल, तर खाली सुमारे चाळीस हात असू शकते. परंतु वरचे उपसले की खालून खारे पाणी त्याच पटीने चढू लागते. खडकाळ बेटात पाणी भेगांतून साठते. तेथील साठा बहुधा याहूनही तोकडा.

कोकणात पाऊस उदंड खरा. पण वैशाखात, म्हणजे नेमक्या सुटीत, विहिरीत उरते ते गतवर्षीच्या पावसाचे पाणी. पाहुणे चार दिवसांनी होडीत बसतात. यजमानास मृगापर्यंत तेच पुरवावयाचे असते. आमच्या मते अशा झोपडीच्या न्हाणीत नळ नसावा, पोहरा असावा.