रात्रपाळीची रजा आणि बुद्धिमान यंत्र

आपल्या घरातील अथवा शेजारचा एखादा तरुण पुण्याच्या हिंजवडीत, हैदराबादेत किंवा बंगळूरला संगणकाच्या कंपनीत नोकरीस असेल. "बाबा रे, तू तिथे नेमके काय करतोस?" असे आपण त्यास कधी विचारले असेल, आणि "मी बिझनेस ॲनालिस्ट आहे" असे उत्तर आले असेल. यावर घरातील वडील मंडळी मान डोलावतात व विषय बदलतात. डॉक्टर काय करतो, मास्तर काय करतो हे सर्वांस ठाऊक. पण हा गृहस्थ प्रोग्रामही लिहीत नाही, हिशेबही ठेवीत नाही, मग पगार कशाचा घेतो, ही शंका मनात राहतेच. गंमत अशी की, अलीकडे हीच शंका त्या तरुणाच्याही मनात येऊ लागली आहे. तिचे कारण पाहण्यापूर्वी त्याचे काम कोणते, ते पाहू.

समजा, एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम चालते. कामगाराला रजा हवी असली की तो छापील चिठ्ठी भरतो, मुकादम तीवर सही करतो आणि चिठ्ठी हजेरी-कारकुनाकडे जाते. हे सारे संगणकावर आणावे असे मालकांच्या मनात येते. ते म्हणतात, "रजेचा अर्ज मोबाइलवर भरता आला पाहिजे, एवढेच." त्या 'एवढेच' या शब्दात काय काय दडले आहे ते शोधून काढणे, हे आपल्या तरुणाचे काम. मुकादम स्वतःच रजेवर असला तर सही कोणाची? मंजूर झालेली रजा रद्द करता येते काय? रात्रपाळी चौदा तारखेच्या रात्री दहाला लागते आणि पंधरा तारखेच्या सकाळी सहाला सुटते. त्या पाळीची रजा कोणत्या तारखेस मांडावयाची? मालकांना हे ठाऊक नसते. हजेरी-कारकुनाला ठाऊक असते, परंतु त्याला कोणी विचारलेले नसते. ॲनालिस्ट त्याला विचारतो, मिळालेली उत्तरे नीट मांडून प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या हाती देतो, आणि तयार झालेली वस्तू मागणीबरहुकूम उतरली की नाही हे पडताळून पाहतो. थोडक्यात, हा दुभाष्या आहे.

आता दोन्ही पक्ष एकमेकांशी परस्पर बोलू लागले तर दुभाष्याने काय करावे? हा प्रश्न आजचा नाही. १९५९ साली अमेरिकेत कोबोल या संगणकभाषेची आखणी सुरू झाली, तेव्हा तिची वाक्ये इंग्रजीसारखी ठेवण्यात आली. व्यवस्थापकांनाही प्रोग्राम वाचता यावा, हा त्यामागचा एक हेतू. पुढे १९७९ साली व्हिसिकॅल्क निघाले आणि उभ्या-आडव्या रकान्यांचा तक्ता संगणकाच्या पडद्यावर आला. साधा हिशेबनीसही स्वतःची गणिते स्वतः मांडू लागला. आपल्याकडेही पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व रचना केंद्रात, आराखड्यावरून प्रोग्राम आपोआप कसा तयार करावा यावर पुष्कळ काम झाले. प्रत्येक वेळी वाटे की आता मधल्या माणसांची गरज संपली. प्रत्यक्षात काम वाढत गेले आणि माणसेही वाढत गेली. मात्र एवढ्यावर विसंबून आजही निश्चिंत राहावे, असे मला वाटत नाही. कारण या वेळची साधने निराळ्या जातीची आहेत.

त्यांतील पहिले साधन 'लो-कोड' या नावाने ओळखले जाते. हे नाव २०१४ साली फॉरेस्टर या अमेरिकन संस्थेच्या अभ्यासकांनी रूढ केले. यात प्रोग्रामच्या ओळी फारशा लिहाव्या लागत नाहीत. अर्जाचा रकाना, बटण, यादी, मंजुरीची पायरी असे तयार तुकडे पडद्यावर ओढून जागच्या जागी बसवावयाचे. त्यामागचा प्रोग्राम साधन स्वतः रचते. चेन्नईच्या झोहो कंपनीचे क्रिएटर, मायक्रोसॉफ्टचे पॉवर ॲप्स ही याच प्रकारची साधने. रजेच्या अर्जाचा कच्चा नमुना ॲनालिस्ट आता स्वतःच उभा करू शकतो, आणि मुकादमाच्या हाती मोबाइल देऊन "हे असे चालेल काय?" असे विचारू शकतो. शंभर पानी टिपण वाचून जे कोणाच्या लक्षात येत नसे, ते हाताळताना चटकन ध्यानात येते. हा लाभ मी फार मोठा मानतो.

दुसरे साधन म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांस खुले झाले, तेव्हापासून बैठकीचे टिपण करणे, त्यातून मागण्यांची यादी काढणे, कामाचा ओघ दाखविणारी आकृती रेखाटणे, तपासणीचे मुद्दे लिहिणे ही कामे यंत्राकडून होऊ लागली आहेत. एका वाक्यात वर्णन करावे आणि अर्जाचा पडदा समोर उभा राहावा, इथवर मजल गेली आहे.

पण या यंत्राची एक खोड आहे. नवशिक्या माणसाला एखादी गोष्ट ठाऊक नसली की तो कागदावर प्रश्नचिन्ह करून ठेवतो. हे यंत्र बहुधा जागा कोरी सोडीत नाही. न सांगितलेली गोष्ट शक्यतेने भरून काढते, आणि तेही अशा सफाईदार भाषेत की वाचणाऱ्यास शंका येऊ नये. आपल्या कारखान्याच्या मसुद्यात ते लिहून टाकील, "रजेचा दिवस मध्यरात्री सुरू होऊन मध्यरात्री संपेल." वाक्य निर्दोष आहे, फक्त रात्रपाळीच्या कामगाराची एका रात्रीची रजा त्यायोगे दोन दिवसांची होऊन बसेल! १९४८ च्या कारखाने कायद्यात मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरावेत अशी तरतूद होती, आणि नेमके विचारल्यास यंत्र ती सांगेलही. पण विचारावयाचे आहे हे आधी कोणाच्या तरी ध्यानात यावयास हवे.

तयार तुकड्यांचीही अशीच एक गोष्ट आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये अपगार्ड या सुरक्षा-संस्थेने उघडकीस आणले की, पॉवर ॲप्सवर उभारलेल्या अनेक संकेतस्थळांतून सुमारे ३ कोटी ८० लाख नोंदी कोणासही पाहता येतील अशा उघड्या पडल्या होत्या. त्यांत लसीकरणाच्या वेळा होत्या, नोकरीच्या उमेदवारांची खाजगी माहिती होती. चोराने कुलूप तोडले नव्हते. माहितीची यादी कोणी पाहावी याविषयीची एक खूण मूळचीच मोकळी होती आणि बांधणाऱ्यांनी ती बदलली नव्हती. मायक्रोसॉफ्टने नंतर ती मूळ मांडणी बदलली.

याहून बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे, जरी त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. होता तो केवळ एक भागाकार. तेथे बेकारांना व इतर गरजूंना सरकार पंधरवड्याच्या हिशेबाने भत्ता देते. कोणी उत्पन्न लपवून जादा भत्ता घेतला काय, हे शोधण्याचे काम २०१५ नंतर टप्प्याटप्प्याने संगणकावर सोपविण्यात आले. संगणक करखात्याकडील वर्षाचे उत्पन्न घेई, त्याचे सव्वीस पंधरवड्यांत सारखे भाग पाडी, आणि माणसाने सांगितलेल्या आकड्यांशी ताडून पाही. आता एखाद्या बाईने सहा महिने नोकरी करून २६,००० डॉलर मिळवले आणि उरलेले सहा महिने ती बेकार राहून भत्त्यावर जगली, असे समजा. भागाकाराने तिचे उत्पन्न प्रत्येक पंधरवड्यास १,००० डॉलर ठरे. म्हणजे बेकारीच्या काळातही ती मिळवती होती, असे यंत्र म्हणे. लगेच वसुलीची नोटीस निघे, आणि कर्ज नाही हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर पडे. हंगामी मजूर, शिकता शिकता नोकरी करणारे विद्यार्थी असे अनेक लोक यात सापडले. २०१९ साली न्यायालयात ही पद्धत टिकली नाही. २०२० मध्ये सरकारने सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्यांचे पैसे परत करण्याचे जाहीर केले. जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, त्यात या योजनेने माणसांची झालेली दैना सविस्तर नोंदली आहे.

"मिळकत दर पंधरवड्याला सारखी असते काय?" एवढाच तो प्रश्न. सरकारी कचेरीत तो अगदीच कोणास सुचला नाही असे नव्हे. ही पद्धत कायद्यात बसत नाही असा सल्ला आरंभीच मिळाला होता. तो मागे पडला आणि यंत्र चालू झाले. म्हणून ॲनालिस्टाने प्रश्न विचारणे पुरेसे नाही, त्याचे उत्तर मिळेपर्यंत अडून बसण्याचा अधिकारही त्याला असावा लागतो. हा अधिकार कोणतेही साधन देत नाही. तो कचेरीने द्यावयाचा असतो.

मला खरी काळजी वाटते ती नवशिक्यांची. आजवर नव्या मुलाला प्रथम बैठकीचे टिपण घ्यावयास बसवीत. काम कंटाळवाणे खरे. पण दोन वर्षे टिपणे घेता घेता कोणता माणूस कोणती गोष्ट सांगावयाची टाळतो, 'नेहमीप्रमाणे' या शब्दाखाली काय लपते, हे त्याच्या कानांस कळू लागे. आता टिपण यंत्र घेते. पहिली पायरीच निघाली, तर दुसरीवर पाय कसा ठेवावयाचा? काही ठिकाणी नवी माणसे घेण्यास हात आखडता घेतला जाईल, हे उघड दिसते. ज्यांना घेतील, त्यांना तरी यंत्राचा मसुदा हाती देऊन थेट कामाच्या जागी पाठवावे, असे मी सुचवीन. मसुदा चुकीचा कुठे आहे हे शोधून आणणे, हाच त्यांचा पहिला धडा असू द्या.

आपल्या घरातील मुलगा वा मुलगी या धंद्यात असेल, तर साधने शिकण्यास तिला उत्तेजन द्याच. त्यांत अवघड असे फार नाही. त्याबरोबर तिला एखाद्या रात्री पावणेदहाच्या सुमारास, पाळी बदलताना, कारखान्याच्या फाटकाशी हजेरी-कारकुनाच्या टेबलापाशी उभे राहू द्या. रजेची तारीख कोणती धरता, असे तिने विचारले तर तो बहुधा सांगेल, "पाळी लागली ती तारीख." मग हजेरीपटावर काही नावांपुढे लाल शाईची खूण तिच्या नजरेस पडेल आणि ती कशाची, हे तिला विचारावे लागेल. महिनाअखेरची रात्र असली की पाळी एका महिन्यात लागते आणि दुसऱ्यात सुटते, पगार मात्र आधीच्या महिन्याचा निघतो; ती खूण त्यासाठी असते.