उजेडाची उसनवारी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी नावाचे गाव आहे. तेथील वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडी 'सवाई' हा शब्द अजून ऐकू येतो. दुष्काळाच्या सालात एखाद्या घरची कणगी रिकामी होई आणि मृग नक्षत्र तर दाराशी येऊन ठेपलेले असे. अशा वेळी तो शेतकरी शेजाऱ्याकडे जाई व पेरणीपुरते बियाणे उसने मागे. सुगी झाली, की एका पायलीस सव्वा पायली या हिशेबाने तो ते परत करी. हीच सवाई होय. सावकाराची सवाई जाचक असे, हे खरे. परंतु शेजाऱ्याशेजाऱ्यांतील सवाईने कित्येक घरे सावरली. ज्या धान्याने एकाचे शेत हिरवे केले, तेच धान्य पुढच्या वर्षी दुसऱ्याचे शेत हिरवे करण्यास मोकळे होई.

धान्याप्रमाणे उजेडाचीही अशी उसनवारी होऊ शकेल काय? प्रश्न विचित्र वाटतो. परंतु जगातील काही राष्ट्रांमध्ये ती प्रत्यक्षात घडली आहे, आणि तिचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचला आहे. त्याची हकीकत या पाठात सांगावयाची आहे.

मी मुख्याध्यापक असताना एके वर्षी वळवाच्या वादळात विजेचे खांब आडवे झाले व सारे गाव तीन दिवस अंधारात राहिले. पहिल्या रात्री मुलांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी पिठाची गिरणी बंद, पाण्याची टाकी कोरडी आणि दवाखान्यातील लसी थंड ठेवण्याची पंचाईत, असा प्रकार झाला. तिसऱ्या दिवशी एक विद्यार्थी मला म्हणाला, "गुरुजी, वीज म्हणजे दिवा एवढेच मी समजत होतो." त्या मुलाला जे उमगले, ते पुष्कळ मोठ्या माणसांनाही वीज जाईपर्यंत उमगत नाही. दळण, पाणी, औषध, दळणवळण ही सारी आज विजेच्या आधाराने उभी आहेत.

विजेची व्यवस्था ही एखाद्या शरीरासारखी असते. विद्युत्केंद्र हे तिचे हृदय. उंच मनोऱ्यांवरून जाणाऱ्या तारा या तिच्या रक्तवाहिन्या. उपकेंद्रांत विजेचा दाब कमी केला जातो, आणि खेडेगावात ज्याला आपण 'डीपी' म्हणतो, त्या रोहित्रातून ती घराघरांत शिरते. या साखळीतील एक दुवा तुटला, तरी पुढची सारी घरे अंधारात बुडतात. वादळ आंधळे असते. ते वाटेत येईल ते पाडते. युद्ध मात्र डोळस असते. कोणता दुवा तोडला असता सर्वांत अधिक माणसे अंधारात जातील, हे हेरून ते घाव घालते.

दुसरे महायुद्ध 1945 साली संपले, तेव्हा जर्मनीची अवस्था अशीच झाली होती. शहरे ढिगाऱ्यांत गेली होती, रेल्वेचे मार्ग उखडले होते आणि खाणींतून पुरेसा कोळसा निघत नव्हता. 1946-47 चा हिवाळा तर फारच कडक ठरला. अन्न नाही, सरपण नाही, आणि बाहेर हाडे गोठविणारी थंडी, अशा स्थितीत तेथील लोकांनी दिवस काढले. ते युद्ध जर्मनीच्या राज्यकर्त्यांनीच पेटविले होते. परंतु त्या थंडीत कुडकुडणाऱ्या बालकांनी ते पेटविले नव्हते.

5 जून 1947 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्ड विद्यापीठात एक भाषण केले. युद्धाने खचलेल्या युरोपला पुन्हा उभे करण्यासाठी अमेरिकेने साह्य करावे, असा विचार त्यांनी त्यात मांडला. त्यातून जी योजना निघाली, ती 'मार्शल योजना' या नावाने ओळखली जाते. 1948 पासून चार वर्षांत सुमारे 1300 कोटी डॉलरांचे साह्य युरोपातील राष्ट्रांना मिळाले. यात अमेरिकेचा स्वार्थ मुळीच नव्हता, असे नाही. शेजारी समृद्ध असेल तर आपला माल खपतो, आणि मित्र सबळ असेल तर आपला पक्ष बळावतो, हा व्यवहार तीत होताच. तथापि काल ज्याच्याशी लढलो, त्याच्या चुलीचा विचार आज करणे, ही गोष्ट इतिहासात वारंवार घडत नाही.

जर्मनीने या साह्याचा जो उपयोग केला, तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेहून आलेला माल तेथील व्यापारी विकत घेत व त्याची किंमत आपल्या देशातील चलनात भरत. हा पैसा खर्चून टाकला नाही. तो एका निधीत साठविला. 1948 साली पुनर्बांधणीसाठी एक सरकारी पतसंस्था स्थापन झाली. तिचे नाव 'के. एफ. डब्ल्यू.', जर्मन भाषेतील या नावाचा अर्थच मुळी 'पुनर्रचनेची पतसंस्था' असा आहे. या संस्थेने त्या निधीतून कोळशाच्या खाणींना, विद्युत्केंद्रांना व घरबांधणीला कर्जे दिली. कर्जे फिटली, की तोच पैसा नव्या गरजवंताकडे जाई. आपल्या सवाईच्या बियाण्यासारखाच हा प्रकार नव्हे काय? बियाणे भाकरीसाठी दळले नाही, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या पुरले.

आता आपण पुन्हा महाराष्ट्रात येऊ. देवगाव रंगारीहून कन्नडला जावे, तेथून घाट उतरून चाळीसगावला जावे, म्हणजे आपण खानदेशात येतो. पुढे धुळे जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या पश्चिमेस साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महाराष्ट्राच्या सरकारी वीजनिर्मिती कंपनीने, म्हणजे महानिर्मितीने, 2013 साली 125 मेगावॅट क्षमतेचे सौर विद्युत्केंद्र उभे केले. निळसर काळ्या तक्त्यांच्या रांगा तेथे सूर्याकडे तोंड करून बसलेल्या आहेत. सूर्यकिरण तक्त्यावर पडले, की त्यातील सिलिकॉनसारख्या पदार्थातील विद्युत्कण हालू लागतात व वीज वाहू लागते. धूर नाही, राख नाही, की कोळशाची वाघीण नाही.

या केंद्रासाठी कर्ज कोणी दिले असेल? त्याच के. एफ. डब्ल्यू. संस्थेने. कर्जाची रक्कम 25 कोटी युरो होती. जी संस्था जर्मनीतील ढिगारे उपसण्यासाठी जन्मास आली, तिने साठ-पासष्ट वर्षांनंतर खानदेशातील उन्हाची वीज करण्यास हात दिला. एका काळी जे राष्ट्र घेणारे होते, ते देणारे झाले. आपल्या कोयना प्रकल्पालाही ज्या जागतिक बँकेने कर्ज दिले होते, तिचा जन्मसुद्धा युद्धाने मोडलेल्या देशांच्या पुनर्रचनेसाठी 1944 साली झाला, आणि तिने पहिले कर्ज 1947 साली फ्रान्सला दिले.

भारताने केवळ घेतलेच, असे मात्र नाही. अफगाणिस्तानात हेरात प्रांतात हरीरूद नावाची नदी आहे. तिच्यावर सलमा येथे धरण बांधण्याचे काम 1976 साली सुरू झाले. परंतु यादवी युद्धामुळे ते थांबले. भारताच्या 'वॅपकॉस' या सरकारी कंपनीने 1988 साली ते पुन्हा हाती घेतले, तेही युद्धानेच अर्धवट राहिले. अखेर भारताने आपल्या खर्चाने ते पुरे करण्याचे ठरविले. यंत्रसामग्री जहाजाने इराणच्या बंदर अब्बासला जाई. तेथून सुमारे 1200 किलोमीटर रस्त्याने सरहद्दीपर्यंत, आणि पुढे आणखी 300 किलोमीटर अंतर कापून धरणाच्या जागी पोहोचे. 4 जून 2016 रोजी या धरणाचे उद्‌घाटन झाले. 42 मेगावॅट वीज आणि सुमारे 75,000 हेक्टर जमिनीला पाणी, ही त्याची योजना. त्याला 'अफगाण-भारत मैत्री धरण' असे नाव देण्यात आले. धरण बांधणाऱ्या भारतीय व अफगाण कामगारांनी एकाच मातीत घाम गाळला. राज्ये येतात आणि जातात, परंतु नदीचे पाणी शेतकऱ्याचा पक्ष विचारीत नाही.

आपल्या स्वतःच्या काळात या प्रश्नाने युक्रेन देशात उग्र रूप धारण केले आहे. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाच्या सैन्याने युक्रेनवर चाल केली. योगायोग असा, की त्याच दिवशी पहाटेच्या पूर्वी युक्रेनने आपले विजेचे जाळे चाचणीसाठी रशिया व बेलारूस यांच्या जाळ्यापासून वेगळे केले होते. युरोपच्या जाळ्याशी जोडून घेण्याचा बेत पुढील वर्षीचा होता. दोन जाळी जोडणे सोपे नसते. आपल्या देशात काय, आणि युरोपात काय, वीज सेकंदाला 50 आवर्तने घेते. जोडल्या जाणाऱ्या दोन्ही जाळ्यांची आवर्तने तंतोतंत जुळावी लागतात. दोन दिंड्या एकत्र येताना टाळांचा ठेका जुळला नाही, तर गोंधळ उडतो. तसेच हे आहे. युरोपातील व युक्रेनमधील अभियंत्यांनी रात्रीचा दिवस करून 16 मार्च 2022 रोजी, म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांत, तो ठेका जुळविला. तेव्हापासून तुटवड्याच्या वेळी शेजारी देशांची वीज युक्रेनला मिळू लागली.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून विद्युत्केंद्रांवर व उपकेंद्रांवर क्षेपणास्त्रांचे मारे वारंवार होऊ लागले. 6 जून 2023 रोजी नीपर नदीवरील काखोव्का धरण उद्ध्वस्त झाले. अनेक देशांनी रोहित्रे, जनित्रे व तारा धाडल्या. लिथुआनिया या चिमुकल्या देशाने तर आपले एक बंद पडलेले औष्णिक केंद्र सुटे करून तिकडे पाठविले. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे कचेरी असलेल्या 'ऊर्जा समुदाय' या संस्थेने एक निधी उघडला. त्यात अनेक राष्ट्रांनी भर घातली. पूर्वी स्वतः उसने घेणारी जर्मनीही आता युक्रेनच्या मदतीस उभी आहे, आणि ते साह्य पोहोचविण्याच्या कामी आपली ती ओळखीची पतसंस्थाच आहे.

मोडलेले जसेच्या तसे उभारावे, की नव्या रीतीने उभारावे, असा प्रश्न येथे उत्पन्न होतो. एका प्रचंड केंद्रावर एक घाव पडला, तर लाखो घरे अंधारतात. परंतु रुग्णालयांच्या, शाळांच्या व घरांच्या हजार छपरांवर सौर तक्ते असतील, तर हजार ठिकाणी घाव घालणे शत्रूला सोपे नसते. शिवाय उन्हाला आणि वाऱ्याला आगगाडीने आणावे लागत नाही. म्हणून तेथील अनेक रुग्णालयांना व शाळांना परदेशी साह्याने सौर तक्ते आणि वीज साठविणाऱ्या बॅटऱ्या देण्यात आल्या. काळ्या समुद्राजवळ मिकोलाइव्ह प्रांतात तिलिहुल येथे युद्ध चालू असतानाच 114 मेगावॅटच्या 19 पवनचक्क्या पुऱ्या करण्यात आल्या. शस्त्रक्रिया चालू असताना दिवा मालवू नये, एवढीच जिथे मागणी आहे, तिथे छपरावरच्या दहा तक्त्यांचे मोल मोठ्या केंद्राइतके होते.

तथापि सूर्य व वारा सर्व दुःखांवर औषध आहेत, असे समजू नये. रात्री सूर्य नसतो. उत्तरेकडील हिवाळ्यात दिवस आखूड व अभ्रे दाट असतात. काचेचा तक्ता स्फोटाने फुटतो. बॅटरीही काही तासांपुरतीच पुरते. म्हणून विखुरलेली केंद्रे, साठवण आणि शेजाऱ्याशी जोडलेल्या तारा ही तिन्ही एकत्र असावी लागतात. आपल्यापुरते स्वावलंबन हवे आणि शेजारधर्मही हवा. एकावाचून दुसरे लंगडे पडते.

हे ज्ञान आपल्या खेड्यांनाही उपयोगाचे आहे. पिकाला पाणी देण्यासाठी मध्यरात्री विंचूकाट्यातून शेतात जाण्याची पाळी आपल्याकडील शेतकऱ्यांवर पुष्कळदा आली आहे. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी, या हेतूने 2017 पासून महाराष्ट्रात उपकेंद्रांजवळ लहान सौर केंद्रे उभारण्याची योजना हाती घेण्यात आली. ज्या उन्हाने मराठवाड्याची विहीर आटते, त्याच उन्हाने तिच्यावरचा पंप चालावा, याहून चांगला न्याय कोणता?

मुलांनो, मनोरा पाडावयास एक क्षण पुरतो. तो उभा करण्यास महिने लागतात, आणि त्यासाठी अनेक देशांचे हात लागतात. मनोरे पाडण्याची वेळच येऊ नये, हे सर्वांत उत्तम. परंतु ती आलीच, तर घेणाऱ्याने लाजू नये, देणाऱ्याने मिरवू नये, आणि हात वर येताच घेणाऱ्याने देणारा व्हावे. उसने आणलेले बियाणे पेरावयाचे असते, दळावयाचे नसते. उजेडाचेही तसेच आहे.

स्वाध्याय

1. 'सवाई' म्हणजे काय? तिची तुलना लेखकाने कोणत्या निधीशी केली आहे, व का?
2. "वादळ आंधळे असते, युद्ध मात्र डोळस असते," या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
3. साक्री येथील सौर केंद्र व दुसरे महायुद्ध यांचा संबंध आपल्या शब्दांत सांगा.
4. सौर तक्त्यांचे लाभ कोणते व मर्यादा कोणत्या?
5. तुमच्या गावात तीन दिवस वीज नसेल, तर कोणकोणती कामे अडतील? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.