खाऱ्या पाण्याच्या जुन्या मत्स्यपेटींत जिवंत खडक घालतांना घ्यावयाची खबरदारी

शेतकऱ्यांच्या मासिकांत काचेच्या पेटींतील समुद्राचा विषय पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु हल्लीं शहरांत राहणाऱ्या आपल्या मुलानातवंडांच्या घरीं अशा पेट्या दिसूं लागल्या आहेत, आणि कोंकणपट्टींत कोळंबीचीं तळीं राखणाऱ्या बंधूंस तर खाऱ्या पाण्याचा व्यवहार रोजचाच आहे. शिवाय ह्या विषयाच्या मुळाशीं जें तत्त्व आहे तें प्रत्येक शेतकरी जाणतो. कच्चें खत उभ्या पिकाच्या मुळाशीं घालूं नये, हेंच तें तत्त्व होय.

जिवंत खडक म्हणजे दगडांत जीव असतो असें नव्हे. प्रवाळांचे मेलेले सांगाडे दीर्घकाळ समुद्रांत राहून त्यांचा सच्छिद्र, चुन्याचा दगड बनतो. त्याच्या अंगावर व पोटांत सूक्ष्म जंतु, शेवाळ, स्पंज, किडे व लहान खेकडे वसती करितात. म्हणून त्यास जिवंत खडक हें नांव पडलें. जकार्ता येथील ली चिन एंग ह्या गृहस्थानें असा खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच पेटींतील पाणी निर्मळ राहतें, अशी माहिती 1961 सालीं प्रसिद्ध केली. पुढें ही पद्धत जगभर पसरली.

खडक पाणी निर्मळ कसें राखतो, ह्याचें उत्तर शेतींतच सांपडतें. माशांची विष्ठा व उरलेलें अन्न कुजून अमोनिया होतो. एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करितात, दुसऱ्या जातीचे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात. शेणखतांतील नत्र पिकास मिळतें तें बव्हंशीं ह्याच मार्गानें. हें काम जंतूंचें आहे, हें फ्रान्समध्यें श्लोसिंग व म्युंट्झ ह्यांनीं 1877 सालीं दाखविलें, आणि 1890 सालीं विनोग्राद्स्की ह्यांनीं ते जंतु वेगळे काढले. ह्या दोन तारखांच्या मधल्या काळांत इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगक्षेत्रावर रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें जमिनींतील ह्याच क्रियेचा अभ्यास केला व ती दोन पायऱ्यांनीं होते हें सिद्ध केलें. मौज अशी कीं, त्याच्याच नांवाचा त्याचा बाप हा लंडनमध्यें 1850 च्या सुमारास काचेच्या टाकींत मासे, पाणवनस्पति व गोगलगायी ह्यांचा समतोल साधणारा आद्य प्रयोगकर्ता होता. बापानें टाकी राखली, मुलानें शेत तपासलें. विद्या मात्र एकच.

आतां धोका कोठें आहे तें पाहूं. जुन्या पेटींत जंतूंची संख्या तेथील माशांच्या घाणीच्या मानानें ठरलेली असते. जमा आणि खर्च बरोबर जुळलेला असतो. नवीन खडक दूरच्या प्रवासांत ओल्या कागदांत गुंडाळून येतो. वाटेंत त्यावरील स्पंज, शेवाळ व किडे यांपैकीं पुष्कळ मरतात. तो खडक तसाच पेटींत टाकला कीं, ही सर्व मेलेली माती तेथें कुजूं लागते. अमोनिया एकाएकीं चढतो, जुन्या जंतूंस तो आवरत नाहीं, आणि कुजण्यानें पाण्यांतील प्राणवायूही खर्चीं पडतो. त्यांत समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.3 च्या आसपास असतो. पाणी जितकें क्षारधर्मी तितका अमोनिया अधिक विषारी. चोपण जमिनींत उघडा टाकलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो, तोच हा गुण. मात्र पेटींतील माशास पळावयास जागा नसते. दोनतीन वर्षें जपलेले मासे अशा वेळीं एका रात्रींत मरतात.

सबब नवीन खडक प्रथम निराळ्या भांड्यांत मुरवावा. त्याची रीत येणेंप्रमाणें आहे. प्लास्टिकचें स्वच्छ पिंप किंवा मोठें टब घ्यावें. त्यांत समुद्री मीठ विरघळवून पाण्याची घनता 1.025, म्हणजे दर हजारीं सुमारें 35 भाग क्षार, इतकी करावी. उष्णमान 24 ते 27 अंश सेंटिग्रेड असावें. खडकावरील पांढरा बुळबुळीत थर, काळे पडलेले स्पंज व सुटें शेवाळ मऊ ब्रशानें खाऱ्या पाण्यांत घासून काढावें. गोड्या पाण्याखालीं धरूं नये, कारण त्यानें चांगले जीवही मरतात. नंतर पाणी सतत फिरतें राहील असा लहान पंप सोडावा व भांडें अंधारांत ठेवावें, म्हणजे शेवाळ माजत नाहीं. दर आठवड्यास निम्में पाणी बदलावें, आणि अमोनिया फार चढल्यास लवकर बदलावें. तळाशीं सांचलेला गाळ प्रत्येक वेळीं नळीनें ओढून काढावा.

खडक मुरला हें नाकानें आणि तपासणीनें, दोन्ही मार्गांनीं ठरवावें. प्रारंभीं कुजक्या अंड्यासारखी घाण येते. मुरल्यावर किनाऱ्यावरच्या स्वच्छ वाऱ्याचा वास येतो. परंतु नाकाचा निकाल अखेरचा मानूं नये. बाजारांत मिळणाऱ्या तपासणीच्या साहित्यानें अमोनिया व नायट्राइट मोजावें, आणि पाणी न बदलतां दोन्ही सलग आठ दिवस शून्य राहिलीं तरच खडक तयार समजावा. ह्यास कधीं दोन आठवडे लागतात, कधीं दोन महिनेही लागतात. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यामुळें आम्ही आग्रहानें सांगतों कीं, तारीखवार आकडे वहींत मांडावे. स्मरण फसवितें, वही फसवीत नाहीं.

मुरलेला खडक पेटींत नेण्यापूर्वीं दोन्ही पाण्यांची घनता व उष्णमान जुळतात हें पाहावें. खडक बुडाल्यावर पाणी वर चढेल, म्हणून तेवढें आधीं काढून ठेवावें. मुरवणीचें पाणी पेटींत एक थेंबही जाऊं देऊं नये. खडक वाळूवर न ठेवतां तळाच्या काचेवर पक्का बसवावा. कारण वाळू उकरणारे जीव त्याच्या खालची जागा पोखरतात व ढीग कोसळून काच फुटते. सर्व माल एके दिवशीं न घालतां, सारा भरावा तसा, दोनतीन हप्त्यांनीं, मध्यें आठदहा दिवस सोडून घालावा, आणि प्रत्येक हप्त्यानंतर पाणी तपासावें.

नवीन बैल दावणीस बांधण्यापूर्वीं आपण कांहीं दिवस निराळा ठेवतों, त्याचें कारण येथेंही लागू आहे. खडकाच्या बिळांत माशांस मारणारा चिंगाट, दांडगे खेकडे, किंवा काचेसारखें पारदर्शक दिसणारें व भराभर वाढणारें ऐप्टेशिया नांवाचें समुद्रफूल लपलेलें असतें. मुरवण्याच्या काळांत हे चोर पकडणें सोपें असतें. खडक हातमोजे घालूनच हाताळावा. कांहीं किड्यांचे केस कातडींत मोडून राहतात. आणि कीड मारण्याकरितां खडक उकळण्याचा विचार कदापि मनांत आणूं नये. त्यावर पॅलिथोआ जातीचे जीव असल्यास त्यांतील पॅलिटॉक्सिन हें जालीम विष वाफेबरोबर घरभर पसरतें. परदेशांत अशा उकळण्यानें घरचीं माणसें इस्पितळांत पोंचल्याचीं उदाहरणें नमूद आहेत.

आतां कायद्याची गोष्ट. आपल्या देशांत प्रवाळ 2001 सालापासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 ह्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. त्याच अनुसूचींत वाघ आहे. तेव्हां मालवण, कच्छचें आखात, मन्नारचें आखात किंवा लक्षद्वीप येथून प्रवाळी दगड उचलणें, विकणें वा विकत घेणें हा गुन्हा आहे. दुकानदार चोरून देत असला तरी घेऊं नये. अमेरिकेंतही फ्लोरिडालगतच्या संघराज्याच्या समुद्रांतून नैसर्गिक खडक काढणें 1997 पासून बंद झालें. तेथें आतां भाडेपट्ट्यानें घेतलेल्या समुद्रतळावर खाणीचा दगड टाकतात व त्यावर जीव वसल्यावर काढतात. म्हणजे तेथें खडकाचीच शेती होते.

आपल्याकडे सरळ मार्ग असा आहे कीं, भाजलेल्या मातीचा सच्छिद्र कृत्रिम खडक घ्यावा, तो आठ दिवस साध्या पाण्यांत भिजवून धुवावा, आणि मग खाऱ्या पाण्याच्या पिंपांत जुन्या पेटींतील गाळणीचा थोडा भाग त्याच्याबरोबर ठेवावा. दह्याचें विरजण दुधास लागतें त्याप्रमाणें जुने जंतु नव्या खडकास लागतात. ह्यास दोनतीन महिने लागले तरी चालतील. शेणखत मुरावयास तितकाच काळ देण्याची ज्यांस संवय आहे, त्या आमच्या बंधूंस हें सांगणें जड जाणार नाहीं. आणि शहरांतल्या आपल्या मुलांस तेवढा धीर त्यांनीं शिकवावा, एवढीच विनंति आहे.