दिवाळीचा चिवडा आणि वैद्याचे पथ्य

दीपावली जवळ आली की चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांचे प्रश्न बदलतात. "चिवडा चालेल का?" हा प्रश्न आपणा प्रत्येकास दर वर्षी ऐकावा लागतो. बहुधा "तेलकट बंद" एवढेच उत्तर दिले जाते. रुग्ण मान डोलावतो, घरी जाऊन चिवडा खातो आणि तुळशीचे लग्न होईपर्यंत चिकित्सालयाकडे फिरकत नाही. पथ्यही राहत नाही आणि चिकित्साही खंडित होते. म्हणून घरच्या चिवड्याचा शास्त्रदृष्ट्या विचार करण्याचे आम्ही प्रस्तुत लेखात योजिले आहे.

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे मूळचे भातखाचरांचे आणि म्हातोबाच्या यात्रेचे गाव. येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिल्यापासून महाराष्ट्राच्या सर्व भागांतील कुटुंबे परिसरात वास्तव्यास आली. त्यामुळे दिवाळीत एकाच इमारतीत पातळ पोह्यांचा, भाजक्या पोह्यांचा, मक्याच्या पोह्यांचा चिवडा आणि सांगली-कोल्हापूरकडील भडंग अशी ताटे या दारातून त्या दारात जातात. बाजारात तयार चिवडा बारा महिने मिळतो. तरीही निदान चिवडा तरी घरी व्हावा, असा आग्रह नोकरदार कुटुंबांतही दिसतो. पोहे उन्हात ठेवणे, खोबऱ्याचे काप करणे, फोडणी घालणे यांत घरातील लहानथोर सर्वांचा हात लागतो. मीठ-साखरेचा अंदाज मात्र घरातील ज्येष्ठ स्त्रीचाच असतो.

उच्चरक्तदाब आणि अम्लपित्ताने त्रस्त अशा एक आजी मुलाकडे राहावयास आल्यापासून आमच्याकडे औषध घेतात. एका दिवाळीपूर्वी त्यांनी विचारले, "डॉक्टर, मी खाणार नाही एक वेळ, पण करू तरी ना?" चिवड्याचा एक डबा परदेशी असलेल्या मुलीकडे जावयाचा होता. सरसकट निषेधाने रुग्णाचा केवळ एक पदार्थ सुटत नाही. पुष्कळदा घरातील त्याचे स्थानही सुटते. अशा प्रश्नाला शास्त्राकडे "बंद" याहून अधिक नेमके उत्तर आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सत्ताविसाव्या अध्यायात पृथुक म्हणजे पोहे गुरु सांगितले असून ते भाजून आणि अल्प प्रमाणात खावे, असे म्हटले आहे. त्याच स्थानातील पाचव्या अध्यायात पिष्टमय पदार्थ व पोहे जेवणानंतर कधीही खाऊ नयेत, भूक लागली असतानाच मात्रेने खावेत, असा स्पष्ट निर्देश आहे. आपल्याकडे नेमके उलट घडते. भाऊबीजेचे जेवण आटोपते, पाहुणे येतात आणि त्यांच्याबरोबर घरची माणसेही पुन्हा बशी हाती घेतात. रुग्णास प्रथम सांगावयाचे ते हेच.

दुसरा मुद्दा ऋतूचा. दिवाळीत थंडी पडते, अग्नी प्रदीप्त असतो, म्हणून स्निग्ध फराळ पचतो, असे सर्रास सांगितले जाते. हे वर्णन हेमंत ऋतूचे होय. आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे मास. लक्ष्मीपूजनाची अमावास्या शरदाच्या ऐन मध्यावर येते. अष्टांगहृदयातील शरदचर्येत तेल, दही, क्षार, दिवसा झोप आणि पोट भरभरून जेवणे हे वर्ज्य सांगितले आहे. पित्तप्रकृतीच्या रुग्णास हे विशेषत्वाने समजावून द्यावे. चिवड्यावर दही घेण्याची सवयही या दिवसांत टाळणे इष्ट.

तथापि चरकांनी विमानस्थानात आहाराचे जे आठ विशेष आयतन सांगितले, त्यांत प्रकृतीच्या पाठोपाठ करण, संयोग आणि राशी येतात. हे तिन्ही घरच्या चिवड्यात आपल्या हाती असतात. विकतच्या पुडीत नसतात. पोहे तळण्याऐवजी उन्हात वाळवून मंद आचेवर भाजल्यास तेल पुष्कळ कमी लागते. फोडणीतील हिंग, जिरे, हळद, कढीपत्ता हे दीपन-पाचनास साहाय्यभूत होतात. चकल्या तळून उरलेले तेल चिवड्यास वापरण्याची रीत मात्र सोडावयास सांगावे. वारंवार तापविलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरू नये, असा भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी हे मोजता येत नाही. म्हणून ताजे तेल घेऊन फराळात चिवडा प्रथम करावा.

राशीसाठी आमच्या घरचे प्रमाण देतो. पातळ पोहे ५०० ग्रॅम, शेंगदाणे व डाळे प्रत्येकी १०० ग्रॅम, सुके खोबरे ५० ग्रॅम, तेल १०० मिलिलिटर, मीठ व पिठीसाखर प्रत्येकी १० ग्रॅम. यातील सुमारे ३० ग्रॅम चिवड्यात, म्हणजे लहान वाटीभर भागात, तेल साधारण ३ ग्रॅम व मीठ अर्ध्या ग्रॅमहून कमी येते. वर उल्लेखिलेल्या आजींना आम्ही असे एक वाटीचे माप, सायंकाळी भूक लागल्यावर, एक दिवसाआड दिले आणि त्या रात्री लघु भोजन सांगितले. मधुमेही रुग्णास साखर वगळून, त्याची रक्तशर्करा पाहूनच माप ठरवावे. वृक्कविकारात मिठाचा व दाण्यांचा स्वतंत्र विचार करावा.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. फराळानंतर "पोटासाठी काहीतरी चूर्ण द्या" म्हणणाऱ्या ग्राहकास एकच डबी देऊ नये. हिंग्वाष्टक उष्ण आहे. ते अग्निमांद्य व आध्मानात तुपासह पहिल्या घासाला उपयुक्त, परंतु छातीत जळजळ असणाऱ्यास अहितकर. लवणभास्करात अनेक लवणे आहेत. रक्तदाबाच्या रुग्णास ते विचारल्याविना देऊ नये. अविपत्तिकरात साखर व रेचक त्रिवृत् मोठ्या प्रमाणात असल्याने मधुमेही, गर्भिणी आणि दुर्बल वृद्धांस ते वैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. रक्तदाब व मधुमेह आहे का, एवढे दोन प्रश्न डबी हाती देण्यापूर्वी विचारावेत.

येत्या आश्विनात रुग्णाच्या पथ्यपत्रिकेवर चिवड्यापुढे फुली न मारता वाटीचे माप, खाण्याची वेळ आणि पुढील तपासणीची तारीख लिहावी. आमच्या आजी त्या वर्षी पाडव्यानंतर ठरल्या दिवशी तपासणीस आल्या. मुलीकडे डबा पोहोचल्याचे त्यांनी रक्तदाब मोजण्यापूर्वीच सांगितले.